फाइल दिसते तशी नसते

डोंबिवलीहून सकाळी निघणाऱ्या जलद लोकलमध्ये ज्याला चौथी सीट मिळाली तो त्या दिवसाचा भाग्यवान. बाकीच्यांचा एक हात वरच्या कडीत आणि दुसऱ्या हातात फोन. नेमक्या याच वेळेला ऑफिसच्या ग्रुपवर एक लिंक येऊन पडते आणि तिच्याखाली चार-पाच शब्द: ‘अकराला मीटिंग, बघून ओके कर.’ लिंकमागे बत्तीस स्लाइडची पीपीटी असते, नाहीतर कराराचा मसुदा, नाहीतर चार टॅबची एक्सेल. डोंबिवली ते ठाणे अंतर साधारण चौदा किलोमीटर, जलद गाडीला वीसएक मिनिटे. तेवढ्यात अंगठ्याने वर-खाली करून फाइल ‘बघून’ होते आणि ठाण्याच्या फलाटाला गाडी लागेपर्यंत ‘ओके’ रवानाही झालेले असते.

याला आळस म्हणता येणार नाही. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही दिवसाचे दोन-तीन तास रुळांवर घालवणाऱ्यांची शहरे. लॅपटॉप उघडायला जागा नाही, डाउनलोडला धीर नाही, फोनमध्ये वर्ड-पॉवरपॉइंट असेलच असे नाही. ब्राउझरमध्येच फाइल उघडण्याची सोय जणू यांच्यासाठीच निघाली. प्रश्न फक्त एवढाच, की त्या काचेवर जे दिसते ती फाइल असते, की फाइलची कुणीतरी काढून दिलेली नक्कल?

उत्तरासाठी फाइल आतून कशी असते ते पाहावे लागते. वर्डची आजकालची कोणतीही फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली तर पडदाभर अगम्य चिन्हांचा कचरा दिसतो. पण अगदी आरंभी दोन रोमन अक्षरे स्वच्छ वाचता येतात: ‘पी’ आणि ‘के’. ही फिल कॅट्झ या अमेरिकी प्रोग्रॅमरची आद्याक्षरे. फायली दाबून एकत्र बांधण्याची झिप ही पद्धत त्याने १९८९ मध्ये आणली. ऑफिस २००७ पासून वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंटच्या फायली म्हणजे अशी झिपची गाठोडीच आहेत. एखाद्या पीपीटीची प्रत काढून तिच्या नावाची शेपटी बदलून झिप केली, की गाठोडे सुटते. आत फोल्डरच फोल्डर: प्रत्येक स्लाइडची वेगळी फाइल, चित्रांचे वेगळे फोल्डर आणि वक्त्याने स्वतःसाठी लिहिलेल्या टिपणांचे आणखी वेगळे. स्लाइडवर कुठली चौकट कुठे बसवायची याची मापेही आत आकड्यांत लिहिलेली असतात. त्यासाठी एका इंचाचे ९,१४,४०० भाग केलेले आहेत. आकडा विचित्र वाटतो, पण हिशेब चोख आहे. याच मापात एका सेंटिमीटरचे बरोबर ३,६०,००० भाग होतात, म्हणजे इंचवाले आणि सेंटिमीटरवाले दोघेही अपूर्णांकातून सुटतात.

(हे स्वरूप आंतरराष्ट्रीय मानक व्हायला भारताचा विरोध होता. भारतीय मानक ब्युरोने २००७ मध्ये विरोधात मत दिले आणि २००८ मध्येही ते बदलले नाही. तरीही २००८ मध्ये ते मानक झालेच, आणि आज आपली निम्मी कचेरी त्यावर चालते.)

तात्पर्य, वर्डची किंवा पॉवरपॉइंटची फाइल म्हणजे वाढलेले पान नव्हे. पान कसे वाढायचे याच्या त्या सूचना आहेत. मीठ-लिंबू-चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी कोशिंबीर नेमकी कुठे यावर दोन घरांत एकमत नसते. तसेच इथे. मायक्रोसॉफ्टचे वेब ऑफिस त्या सूचना वाचून एक पान वाढते, गूगल ड्राइव्ह दुसरे, झोहो तिसरे. बहुतेक वेळा ती सारखी दिसतात. एखाद्या वेळी तक्त्याचा शेवटचा रकाना पानाबाहेर जातो, किंवा बाणाचे टोक भलत्याच चौकटीला लागते.

पीडीएफचे तसे नाही. अडोबी कंपनीने १९९३ मध्ये पीडीएफ आणली तीच मुळी वाढलेले पान जसेच्या तसे दुसऱ्याच्या टेबलावर पोहोचावे म्हणून. ब्राउझरला स्वतःच्या बळावर वाचता येते ती हीच फाइल. क्रोममध्ये २०१० च्या अखेरीस पीडीएफ वाचण्याची सोय आली. मोझिलाने २०११ मध्ये त्यासाठी एक वाचक तयार करायला घेतला आणि २०१३ पासून तो फायरफॉक्समध्येच घालून दिला. वर्ड-एक्सेल-पॉवरपॉइंट वाचणे मात्र आपल्याकडच्या नेहमीच्या ब्राउझरला येत नाही. ती फाइल आधी कुणाच्या तरी सर्व्हरवर जाते, तिथे तिचे वेबपान किंवा चित्र बनते आणि ते आपल्यापुढे येते. या धंद्याची सुरुवातही फार जुनी नाही. ब्राउझरमध्ये लिहिण्या-वाचण्याची रायटली ही सेवा गूगलने २००६ मध्ये विकत घेतली आणि त्यातून गूगल डॉक्स उभे राहिले. चेन्नईच्या झोहोने आपला रायटर २००५ मध्येच काढला होता. मायक्रोसॉफ्टने स्वतःचे ऑफिस वेबवर आणले ते २०१० मध्ये.

सर्व्हरच्या या वळशातला एक धोका घाईत लक्षात येत नाही. ‘वर्ड फाइल फुकट उघडा’ अशा पाट्या लावलेल्या कुठल्याही संकेतस्थळावर सोसायटीच्या सभासदांची यादी किंवा पगाराचा तक्ता टाकला, की तो परक्याच्या संगणकावर गेलाच. ज्याच्याशी ऑफिसचा करार आहे त्याच्याच दारात फाइल उघडावी.

वळशाचा फायदाही आहे, आणि तो मोठा आहे. मार्च १९९९ मध्ये ‘मेलिसा’ नावाचा विषाणू ई-मेलमधून जगभर पसरला, तो वर्ड फाइलच्या आत दडलेल्या मॅक्रोतून, म्हणजे आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधून. सर्व्हरने काढून दिलेल्या नकलेत असले मॅक्रो चालत नाहीत. अनोळखी माणसाकडून आलेली फाइल आधी ब्राउझरमध्ये पाहणे म्हणजे बेल वाजल्यावर दार न उघडता जाळीतून बघण्यासारखे आहे. मात्र लग्नपत्रिका म्हणून आलेली फाइल ‘एपीके’ निघाली तर जाळीतूनही बघायला जाऊ नये. ती पत्रिका नसते, फोनमध्ये घुसणारे अ‍ॅप असते.

आता पुन्हा लोकलमध्ये. ठाण्याजवळचा पारसिकचा बोगदा १९१६ चा, सव्वा किलोमीटरहून थोडा जास्त लांब. २०२२ मध्ये पाचवी-सहावी मार्गिका सुरू होईपर्यंत जलद लोकल त्यातूनच जायच्या आणि आत शिरले की फोनची रेंज गुल. अर्धवट उतरलेली वर्ड फाइल अशा वेळी अजिबात उघडायची नाही, एक ओळसुद्धा नाही. पीडीएफची पहिली पाने मात्र कधी कधी दिसत राहायची. याचे कारण गमतीचे आहे. झिपच्या गाठोड्याची अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी असते. शेपूट हाती आल्याशिवाय आत काय कुठे आहे ते कळतच नाही. पीडीएफचीही अनुक्रमणिका तशी शेवटीच असते, पण वेबसाठी नीट तयार केलेल्या पीडीएफमध्ये पहिल्या पानाला लागणारे सगळे सामान पुढे आणून ठेवलेले असते, आणि ब्राउझर सर्व्हरकडून फाइलचा हवा तेवढाच तुकडा मागवू शकतो. म्हणून तीनशे पानांचा प्रकल्प अहवालसुद्धा क्षणात ‘उघडतो’. प्रत्यक्षात उघडलेली असतात पाच-सात पानेच.

अशा जाडजूड अहवालात सहकाऱ्याला ४५ वे पान दाखवायचे असेल तर ‘४५ वर बघ’ असे लिहायचीही गरज नाही. लिंकच्या शेवटी हॅशचे चिन्ह, मग इंग्रजीत ‘पेज’, बरोबरचे चिन्ह आणि ४५ एवढे जोडले, की क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हीकडे फाइल थेट त्या पानावर उघडते. वर्षानुवर्षे उपलब्ध असलेली ही सोय फार थोड्यांना ठाऊक आहे.

मराठी कागदांची तऱ्हा आणखी निराळी. इथे ब्राउझर ज्या चुका दाखवतो त्या बहुतेक त्याच्या नसतात, आपल्या असतात. लिप्यांच्या अक्षरांना संगणकात ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकात देवनागरीला १९९१ पासून जागा आहे. विंडोज २००० मध्ये ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट आला. त्याची अक्षरे अक्षरलेखनकार र. कृ. जोशी यांची. तरीही छपाईच्या दुकानांत, पतपेढ्यांत आणि शाळांच्या कार्यालयांत जुन्या फॉन्टांचे राज्य फार काळ टिकले, काही ठिकाणी आजही आहे. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी मराठी अक्षर नसतेच. तिथे ‘मराठी’ हा शब्द म्हणजे ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच रोमन अक्षरे. फॉन्टने फक्त त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. ज्या संगणकावर मुखवटा आहे तिथे सगळे सुंदर. तीच फाइल ब्राउझरमध्ये उघडली की मुखवटा गळून पडतो आणि वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. पीडीएफ केली तर मुखवटा सोबत जातो आणि पान ठीक दिसते, पण त्यात ‘ठाणे’ शोधायला जावे तर सापडत नाही. संगणकाच्या मते त्या पानावर ठाणे नाहीच. मराठी पीडीएफ हाती आली की आधी समोर दिसणारा एखादा शब्द शोधून बघावा. सापडला नाही तर ‘शोध घेतला, उल्लेख नाही’ असा शेरा मारायची हिंमत करू नये.

युनिकोड असला म्हणून सगळे सुरळीत होते असेही नाही. ‘आचार्यांचा सत्कार’ आणि ‘आचाऱ्यांचा सत्कार’ यांत फरक आहे. पहिला व्यासपीठावर होतो, दुसरा स्वयंपाकघरात. मराठीचा हा आडवा रफार सगळ्या फॉन्टांना नीट जमत नाही. फॉन्ट सापडला नाही म्हणून सर्व्हरने दुसरा लावला तर रफाराऐवजी पाय मोडलेला ‘र’ उभा दिसतो. ‘ल’ आणि ‘श’ यांचेही तेच. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला आणि अक्षरांची वळणे ठरवून दिली, त्यात मराठी वळणाचा पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ आहे. काही फॉन्टांत मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणे भरलेली असतात, पण मजकूर मराठी आहे ही खूण फाइलमध्ये नसेल तर ब्राउझर हिंदी वळण दाखवतो. पीपीटी करणाऱ्याला वाटते पाठवताना काही बिघडले, आणि बघणाऱ्याला वाटते करणाऱ्याला मराठी येत नाही.

हे झाले दिसणाऱ्याचे. न दिसणाऱ्याची कथा जास्त महागात जाते.

सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली आणि तिचा तिथला बराचसा धंदा बार्कलेजने घ्यायचे ठरवले. कोणकोणते करार सोबत घ्यायचे त्याची एक्सेल यादी होती. नको असलेले १७९ करार यादीतून पुसलेले नव्हते, नुसत्या त्या ओळी लपवलेल्या होत्या. न्यायालयात दाखल करण्याची मुदत मध्यरात्रीची. वकिलांच्या कार्यालयातल्या एका कनिष्ठाने घाईघाईत ती यादी नीटनेटकी करून तिची पीडीएफ बनवली आणि लपवलेल्या ओळी पुन्हा उघड्या झाल्या. नको असलेले १७९ करार यादीत सामील झाले. ते बाहेर काढण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागला.

ब्राउझरच्या झटपट नकलेत बहुधा याच्या उलट घडते: लपलेले लपलेलेच राहते. पीपीटीतल्या वक्त्याच्या टिपणांची चौकट तिथे अनेकदा दिसत नाही. ‘हा आकडा अजून पक्का नाही, विचारले तर टाळा’ असे वाक्य नेमके तिथेच असते. एक्सेलमध्ये ओळींचे क्रमांक १४ वरून एकदम १९ वर गेले तर मधल्या ओळी लपवलेल्या आहेत असे समजावे. वर्डमध्ये ‘ट्रॅक चेंजेस’ लावून खोडलेला मजकूर, खोडणाऱ्याच्या नावासकट आणि तारखेसकट, बदल मंजूर होईपर्यंत फाइलमध्ये बसून असतो. फोटोचेही तेच. पॉवरपॉइंटमध्ये फोटो कापून चौकटीत बसवला तरी कापलेला भाग मुद्दाम पुसून टाकल्याशिवाय जात नाही. स्लाइडवर अध्यक्षांचा हसरा चेहरा एकटाच दिसतो, पण गाठोडे सोडले की शेजारी उभे असलेले सगळे बाहेर येतात.

पीपीटीबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण घाईने बघितली जाते ती सर्वांत जास्त हीच. पॉवरपॉइंट १९८७ मध्ये मॅकिंटॉशसाठी आला आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी कंपनी दीड कोटी डॉलरच्या आत विकत घेतली. त्यानंतर बैठकीची भाषाच बदलली. परिच्छेद गेले, ठिपके आले. ठिपक्यांची किंमत काय असू शकते याचे सर्वांत दुःखद उदाहरण आपल्या ओळखीचे आहे. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया अवकाशयान उडताना टाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असताना अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज स्लाइडवर मांडला. एका स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे होते. तळाच्या बारीक ओळीत मात्र लिहिले होते, की आदळलेला तुकडा अंदाजे १,९२० घनइंचांचा आहे आणि ज्या चाचण्यांच्या आधारे हा दिलासा दिला त्यांतला तुकडा होता ३ घनइंचांचा. म्हणजे ६४० पटींचा फरक, आणि तो शेवटच्या ठिपक्यात. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान फुटले. कल्पना चावलासह सातही जण गेले. चौकशी मंडळाने त्या वर्षीच्या अहवालात तांत्रिक लेखाऐवजी स्लाइड वापरण्याच्या सवयीवर स्पष्ट ठपका ठेवला. एडवर्ड टफ्टी या अभ्यासकाने ती एक स्लाइड ओळ न् ओळ उलगडून दाखवली आहे.

म्हणून पीपीटी चाळताना शीर्षकांवर विसंबू नये, आकड्यांवर थांबावे, आणि आकडे तळापासून वर वाचत जावेत. फोनच्या पडद्यावर सगळ्यात आधी डोळ्यांतून निसटतो तो तळाचा बारीक मजकूरच. दुसरी गोष्ट जुन्या प्रतीची. ‘फायनल’, ‘फायनल२’ आणि ‘फायनल खरी’ या तीन फायलींत काय बदलले ते नजरेने शोधणे हा वेळेचा नाश आहे. वर्डमध्ये आणि गूगल डॉक्समध्ये दोन मसुदे ताडून फरक दाखवण्याची सोय आहे. ते काम यंत्राला द्यावे. लोकलमध्ये उरलेल्या वीस मिनिटांत माणसाने माणसाचे काम करावे: हे वाक्य खरे आहे का, एवढेच विचारावे.

सरकारी कागदासाठी एक सोपी खूण आहे. शाळांच्या आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर शासन निर्णयांच्या पीडीएफ सतत फिरत असतात, त्यांतल्या काही बनावटही निघतात. खऱ्या शासन निर्णयाच्या शेवटी संगणक संकेतांक असतो, १८ अंकी. त्यातले पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. ही तारीख वर छापलेल्या तारखेच्या आसपासही नसेल तर थांबावे, आणि जुळली तरी तो संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकून मूळ प्रत काढावी. दोन मिनिटांचे काम. डिजिटल स्वाक्षरीचाही गैरसमज दूर व्हायला हवा. अनेक दाखल्यांवर स्वाक्षरीच्या जागी पिवळे प्रश्नचिन्ह दिसते आणि लोक घाबरतात. काहींवर ते दिसत नाही म्हणून निश्चिंत होतात. ब्राउझर तिथे फक्त चित्र दाखवतो. स्वाक्षरी खरी की खोटी हे तो तपासतच नाही. त्यासाठी फाइल उतरवून अ‍ॅक्रोबॅट रीडरसारख्या प्रोग्रॅममध्ये उघडावी लागते आणि भारतीय प्रमाणन यंत्रणेचे मूळ प्रमाणपत्र त्यात विश्वासू म्हणून नोंदवावे लागते.

नुसते बघणे आणि पडताळणे यांतल्या फरकाचे सर्वांत मोठे बिल कल्याण-डोंबिवलीतच फाडले गेले. ही महापालिका राज्यात संगणकीकरणात आघाडीवर होती. तिच्या ई-प्रशासनाचा नमुना पुढे राज्य सरकारने इतर नगरपालिका-महापालिकांसाठी उचलला. २०१७ मध्ये महारेरा हे राज्याचे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण सुरू झाल्यावर घर घेणाऱ्यांना आणखी एक खिडकी मिळाली: प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकायचा आणि बांधकाम परवानगीपासून नकाशापर्यंतचे कागद ब्राउझरमध्येच बघायचे. पण याच महापालिकेच्या हद्दीतल्या ६५ इमारतींनी पालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेराची नोंदणी मिळवली होती. नोंदणी क्रमांक खरा, संकेतस्थळ खरे, पीडीएफ झटकन उघडणारी. बनावट होता तो आतला कागद. एका वास्तुविशारदाने जनहित याचिका केली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. तोपर्यंत त्यांत कुटुंबे राहायला गेली होती, कर्जाचे हप्ते सुरू झाले होते.

महारेराने २०२३ पासून पद्धत बदलली. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र विकासकाने चढवलेल्या पीडीएफवर मान्य होत नाही. संबंधित नियोजन प्राधिकरणाच्या अधिकृत ई-मेलवरून खात्री झाल्यावरच नोंदणी क्रमांक मिळतो. त्याआधी नोंदवलेल्या इमारतीत घर बघत असाल, तर प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तारीख कागदावर उतरवून घ्या आणि महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन विचारा. मुख्यालय कल्याण पश्चिमेला आहे, स्टेशनपासून चालत जाता येते.